दहा आधी की दोन? यादीतील नैसर्गिक क्रमाचा प्रश्न

एखाद्या संस्थेच्या स्मरणिकेची ११२ पाने स्कॅन करून संगणकावर साठवली आहेत, असे समजू. फायलींची नावे साधी आहेत : ‘पान १’, ‘पान २’, ‘पान ३’ आणि अशीच ‘पान ११२’ पर्यंत. ही पाने जोडून एकच पीडीएफ करण्यासाठी कोणीतरी चार ओळींचा प्रोग्राम लिहितो. प्रोग्राम फायलींची यादी घेतो, ती क्रमाने लावतो आणि पाने जोडतो. छापून आलेली प्रत हातात पडते तेव्हा पहिल्या पानामागे दहावे, त्यामागे शंभरावे, मग एकशे एकावे असा प्रकार दिसतो. दुसरे पान पंचविसाव्या जागी जाऊन बसलेले असते आणि स्मरणिका ९९ व्या पानावर संपते. प्रोग्राम तपासला तर त्यात दोष सापडत नाही. त्याला क्रम लावायला सांगितले होते, त्याने तो लावला. मात्र तो माणसाच्या मनातला क्रम नव्हता.

माणसाच्या मनातल्या या क्रमाला संगणकाच्या व्यवहारात ‘नैसर्गिक क्रम’ म्हणतात. मजकुरात आलेला आकड्यांचा समूह ही एक अखंड संख्या मानायची, तिची तुलना किमतीनुसार करायची आणि उरलेला मजकूर अक्षरांच्या क्रमाने लावायचा, एवढीच त्याची व्याख्या. ती एका वाक्यात मावते. अडचण अशी की, मजकुरातला आकडा नेमका कोणत्या अर्थाने लिहिला आहे हे मजकुरातून कळत नाही, आणि ते ठरवण्याचे काम प्रोग्राम लिहिणाऱ्यावर येऊन पडते. मजकूर मराठी आणि आकडे देवनागरी असतील, तर या कामात आणखी काही पेच वाढतात.

मुळात संगणक असे का वागतो, हे आधी पाहू. त्याच्या लेखी ‘पान १०’ यात दहा ही संख्या नसते. एक आणि शून्य अशी दोन सुटी चिन्हे असतात. प्रत्येक चिन्हाला एक सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. १९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की या प्रमाणकातून आलेल्या व्यवस्थेत शून्य ते नऊ या इंग्रजी आकड्यांना ४८ ते ५७, मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरांना ६५ ते ९० आणि लहान लिपीतील अक्षरांना ९७ ते १२२ हे क्रमांक आहेत. दोन मजकुरांची तुलना डावीकडून एकेका चिन्हाने होते आणि पहिला फरक आढळला की तिथेच निकाल लागतो. ‘पान १०’ आणि ‘पान २’ यांत शब्द सारखा, मधली मोकळी जागा सारखी. पुढे एकात १ आणि दुसऱ्यात २. एकचा क्रमांक लहान, म्हणून ‘पान १०’ आधी. त्यापुढे एक शून्य उभे आहे, हे पाहण्याची वेळच येत नाही. शब्दकोशात ‘कमळ’ हा शब्द ‘खण’च्या आधी येतो तेव्हा आपणही शब्दाची लांबी मोजत नाही. शब्दांना लावायचा न्याय इथे संख्यांना लागला, एवढेच.

जावास्क्रिप्ट या भाषेत तर याहून विचित्र प्रकार आहे. तिथे १, २ आणि १० या खऱ्याखुऱ्या संख्यांची यादी दिली आणि क्रम कसा लावायचा हे स्पष्ट सांगितले नाही, तर भाषा त्या संख्यांचे आधी मजकुरात रूपांतर करते आणि १, १०, २ असे उत्तर देते. नवशिक्यांना हा भाषेतला दोष वाटतो. पण तो भाषेच्या लिखित नियमांचाच भाग आहे.

हा प्रश्न संगणकाने निर्माण केला असेही नाही. ग्रंथालयाच्या तालिकेत, म्हणजे कार्डांच्या खणांत, आकड्याने सुरू होणारे ग्रंथनाम कुठे ठेवायचे यावर ग्रंथपालांनी फार पूर्वीपासून विचार केला आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या जुन्या नियमांनुसार आकडा शब्दांत उच्चारल्याप्रमाणे गृहीत धरून कार्ड त्या अक्षराखाली जात असे. १९८० च्या नियमांत ही पद्धत सोडली गेली आणि आकडे अक्षरांच्या आधी, किमतीच्या क्रमाने लावण्याचे ठरले.

तुकडे पाडण्याची रीत

नैसर्गिक क्रमाची प्रचलित रीत अशी आहे. मजकुराचे आळीपाळीने दोन प्रकारचे तुकडे पाडायचे : आकडे नसलेला तुकडा आणि केवळ आकड्यांचा तुकडा. ‘वॉर्ड ७ खोली १२’ याचे ‘वॉर्ड ’, ७, ‘ खोली ’, १२ असे चार तुकडे होतील. मग दोन मजकुरांचे तुकडे जोडीजोडीने ताडून पाहायचे. दोन्हीकडे अक्षरे असतील तर अक्षरांच्या क्रमाने, दोन्हीकडे आकडे असतील तर किमतीने. एका मजकुराचे तुकडे आधी संपले, तर तो पहिला.

यात एक बारकावा फार उपयोगी आहे. मजकूर आकड्यानेच सुरू होत असेल, तर त्याच्या आधी एक रिकामा अक्षर-तुकडा आहे असे धरायचे. मग पहिला, तिसरा, पाचवा तुकडा नेहमी अक्षरांचा आणि दुसरा, चौथा, सहावा नेहमी आकड्यांचा राहतो. संख्या आणि शब्द एकमेकांसमोर येण्याचा प्रसंगच उद्भवत नाही. पायथनची तिसरी आवृत्ती संख्या आणि मजकूर यांची लहान-मोठेपणाने तुलना करायला साफ नकार देते, त्यामुळे तिथे ही काळजी घेतली नाही तर प्रोग्राम मध्येच थांबतो.

दुसरा बारकावा आकड्यांच्या तुलनेचा. आकड्यांच्या तुकड्याचे संख्येत रूपांतर करावे, हे सर्वांना सहज सुचते. परंतु ६४ बिटांच्या पूर्णांकात ९२२३३७२०३६८५४७७५८०७ एवढीच, म्हणजे एकोणीस अंकी कमाल संख्या मावते. जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या संख्यांत तर ९००७१९९२५४७४०९९१ या सोळा अंकी संख्येपलीकडे शेवटच्या अंकांची खात्री उरत नाही. व्यवहार-क्रमांक किंवा यंत्राने आपोआप दिलेली फायलींची नावे याहून लांब असू शकतात. अशा वेळी रूपांतर करूच नये. सुरुवातीची शून्ये वगळावीत, उरलेले अंक मोजावेत. ज्याचे अंक अधिक ती संख्या मोठी. अंक सारखेच भरले तर डावीकडून एकेक अंक ताडावा. पाटीवर मोठमोठ्या संख्या लिहून लहान-मोठी ओळखायला शाळेत शिकवतात, ती हीच रीत. ती कितीही लांबीच्या संख्येला चालते.

वगळलेल्या शून्यांचा हिशेब मात्र शेवटी चुकता करावा लागतो. ‘००७’ आणि ‘७’ यांची किंमत एकच. तुलना करणाऱ्या फंक्शनने या दोन्हींना ‘समान’ ठरवले, तर साध्या यादीत फारसे बिघडत नाही. पण जावातील ट्रीसेटसारख्या रचनेत तुलनेचा निकाल ‘समान’ आला की दुसरी नोंद आधीच अस्तित्वात आहे असे समजून ती घेतलीच जात नाही. म्हणजे केवळ क्रम लावायला निघालेल्या प्रोग्रामच्या हातून एक नोंद गायब होते, तीही कोणताही इशारा न देता. म्हणून बाकी सर्व बाबतींत बरोबरी झाली, तर मूळ मजकुरांची चिन्हागणिक तुलना करून निकाल लावण्याची शेवटची पायरी ठेवणे आवश्यक आहे.

ही रीत आता बहुतेक ठिकाणी तयार मिळते. पीएचपी भाषेत २००० सालच्या चौथ्या आवृत्तीपासून ‘नॅटसॉर्ट’ हे फंक्शन आहे. त्यामागील तुलना मार्टिन पूल यांनी सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामवर आधारलेली आहे. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली तेव्हापासून विंडोजच्या फोल्डरांत ‘२’ हा ‘१०’च्या आधी दिसू लागला. जुन्या क्रमाची सवय असलेल्या कार्यालयांसाठी ही सोय बंद करण्याची तरतूदही मायक्रोसॉफ्टला ठेवावी लागली. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या सामायिक ग्रंथालयाच्या साह्याने असा क्रम लावता येतो. मात्र फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसणारा क्रम आणि प्रोग्रामला मिळणारा क्रम हे एकच असतील, या भरवशावर राहू नये. स्मरणिकेची फसगत नेमकी इथेच होते : फोल्डर उघडून पाहिले तेव्हा पाने ओळीने लागलेली दिसली, म्हणून कोणी पुन्हा तपासले नाही.

देवनागरीत काय घडते

युनिकोडमध्ये देवनागरीचा विभाग इस्की या भारतीय प्रमाणकाच्या १९८८ च्या रूपावर बेतलेला आहे. त्याची आखणी विचारपूर्वक झाली आहे. व्यंजनांमागून काना, वेलांटी, उकार, मात्रा येतात आणि शेवटी हलन्ताचे चिन्ह येते. त्यामुळे नुसत्या सांकेतिक क्रमांकांनी क्रम लावला तरी ‘कमळ’, ‘काम’, ‘किरण’, ‘कोकण’ हे शब्द अपेक्षेप्रमाणे लागतात. पण ही आखणी अनेक भाषांसाठी एकत्र केलेली आहे आणि मराठीचे काही आग्रह तिच्यात बसत नाहीत.

ळ हे पहिले उदाहरण. मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ‘ल’ला चिकटून आहे. ‘ल’चा क्रमांक २३५४, ‘ळ’चा २३५५ आणि ‘व’चा २३५७. परिणामी आडनावांच्या यादीत काणे, काळे, कावरे, काशीकर, कासार असा क्रम लागतो; मराठी शाळेत शिकलेला वाचक ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या खाली शोधतो. चाळीस नावांच्या यादीत ते नजरेला सापडेल. चाळीस हजार नावांची छापील यादी असेल, तर अपेक्षित जागी नाव नाही म्हणजे ते यादीतच नाही, असे समजून माणूस घरी जातो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचेही तसेच. वर्णमालेच्या तक्त्यावर ते शेवटी असले तरी संगणकाच्या दृष्टीने ती जोडाक्षरे आहेत. म्हणून ‘क्षमा’ ही ‘कौमुदी’नंतर आणि ‘खंडू’च्या आधी येते.

‘ॲ’ची कथा अधिक मजेदार आहे. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये उशिरा, २००८ साली दाखल झाले. तोवर ‘अ’जवळची जागा भरलेली होती, म्हणून त्याला २४१८ हा क्रमांक मिळाला, म्हणजे ‘ह’च्याच नव्हे, तर देवनागरी आकड्यांच्याही पुढचा. निमंत्रितांची यादी सांकेतिक क्रमांकांनी लावली, तर नावाआधी ‘ॲड.’ लावणारे सगळे वकील यादीच्या तळाशी जमतात. त्यातही काहींनी हेच अक्षर ‘अ’वर चंद्र देऊन जुन्या पद्धतीने टंकलिखित केलेले असेल, तर ते वकील ‘अ’च्या गटात वर राहतात. कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. यादीत मात्र एक वरच्या टोकाला, दुसरा खालच्या. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा रही असाच दोन वेगळ्या पद्धतींनी टंकला जातो. त्यामुळे तुलना करण्यापूर्वी मजकूर एका ठरावीक रूपात आणणे, ज्याला सामान्यीकरण म्हणतात, ही मराठीत चैन नसून गरज आहे.

आता आकडे. आस्कीमध्ये आकडे अक्षरांच्या आधी आहेत. देवनागरी विभागात ते अक्षरांच्या नंतर, २४०६ ते २४१५ या क्रमांकांवर आहेत. एकाच फोल्डरमध्ये काही फायलींची नावे इंग्रजी आकड्यांनी आणि काहींची मराठी आकड्यांनी सुरू होत असतील, तर पहिल्या यादीच्या माथ्यावर आणि दुसऱ्या पायथ्याशी जातात. ही गोष्ट निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी अडचण अशी की, नैसर्गिक क्रमाच्या अनेक प्रोग्रामांना देवनागरी आकडे हे आकडे आहेत याचाच पत्ता नसतो. पीएचपीचे नॅटसॉर्ट मजकूर बाइटांच्या रूपात वाचते. यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत प्रत्येक देवनागरी आकडा तीन बाइटांचा असतो आणि त्यातला एकही बाइट इंग्रजी आकड्याचा नसतो. त्यामुळे ते ‘भाग १०’ हा ‘भाग २’च्या आधीच ठेवते.

पायथन आणि जावास्क्रिप्ट यांतला फरकही लक्षात ठेवण्याजोगा आहे. पायथनमध्ये मजकुरातील आकडे शोधण्याच्या नेहमीच्या नमुन्याला ‘१२’ हे देवनागरी आकडे सापडतात आणि त्यांचे संख्येत रूपांतरही बिनतक्रार होते. जावास्क्रिप्टमधला तसाच दिसणारा नमुना केवळ इंग्रजी आकडे ओळखतो, आणि देवनागरी ‘१२’चे रूपांतर करू पाहिले तर ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर मिळते. एका भाषेतला प्रोग्राम ओळीला ओळ ठेवून दुसऱ्या भाषेत नेणाऱ्याला हे सहसा ध्यानात येत नाही. इंग्रजी नमुन्यांवर घेतलेल्या सर्व चाचण्या पास होतात.

यावरचा चांगला उपाय आयसीयूच्या आधारे चालणाऱ्या तुलनेत आहे. युनिकोडच्या क्रमनिर्णयाच्या नियमांत देवनागरी ५ आणि इंग्रजी ५ यांना पहिल्या पातळीवर समान मानले आहे आणि संख्यात्मक क्रमाची सोय सुरू केली की कोणत्याही लिपीतले दशमान आकडे संख्या म्हणून वाचले जातात. मराठीसाठीच्या खास नियमांत ‘ळ’ला ‘ह’नंतरची जागाही मिळालेली आहे. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल कोलेटर’ला भाषा मराठी आणि संख्यात्मक क्रम चालू, एवढ्या दोन गोष्टी सांगितल्या की हे सारे पदरात पडते. स्वतः तुकडे पाडत बसण्यापेक्षा मराठी यादीसाठी हा मार्ग अधिक भरवशाचा आहे, असे माझे मत आहे.

तरीही एक मराठी खोड कोणत्याही तयार नियमात बसत नाही. आपण तुकड्या, गट, पोटविभाग यांना अ, ब, क, ड अशी नावे देतो. हा क्रम इंग्रजी ए, बी, सी, डी यांच्या उच्चारावरून आलेला आहे. वर्णमालेशी त्याचा संबंध नाही. संगणक वर्णमाला जाणतो. त्याने लावलेला क्रम अ, क, ड, ब असा येतो आणि ‘५ वी ब’ हा वर्ग ‘५ वी ड’च्या मागे जातो. इयत्तांची नावे शब्दांत लिहिली असतील, तर गोंधळ पूर्ण होतो : आठवी, चौथी, तिसरी, दहावी, दुसरी, नववी, पहिली, पाचवी, सहावी, सातवी. इथे नैसर्गिक क्रमाची रीत काही करू शकत नाही, कारण तिला पकडायला एकही आकडा नाही. अशा वेळी प्रत्येक नावासमोर त्याचा क्रमांक देणारे छोटे कोष्टक प्रोग्रामला पुरवणे, हाच मार्ग.

एकच चिन्ह, दोन अर्थ

१.९ आणि १.१० यांत मोठे कोण? दशांश अपूर्णांक म्हणून पाहिले तर १.९. एखाद्या प्रबंधातील प्रकरणाचे उपविभाग म्हणून पाहिले तर १.१०, कारण तो दहावा उपविभाग आहे. चिन्हे तीच, अर्थ वेगळे. तुकडे पाडणारी रीत दुसरा अर्थ गृहीत धरते. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांना तो लागू पडतो आणि तिथे चूक महाग ठरते : उपलब्ध आवृत्ती जुनीच आहे असे समजून अद्ययावत करणारा प्रोग्राम सुरक्षेची दुरुस्ती घेत नाही. पायथनची ३.१० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली तेव्हा आवृत्तीची तुलना साध्या मजकुराप्रमाणे करणारे प्रोग्राम ती ३.९ पेक्षा जुनी समजू लागले. काही ठिकाणी मांडणीच्या फायलींत ती अवतरणचिन्हांशिवाय लिहिली गेली आणि दशांश संख्या म्हणून वाचली जाऊन थेट ३.१ झाली. आवृत्त्यांचे आणखीही रिवाज आहेत. मुख्य आवृत्तीपूर्वी येणाऱ्या चाचणी-आवृत्तीचे नाव लांब असते, तरी ती आधीची मानायची असते. ‘लहान मजकूर आधी’ हा साधा नियम तिथे उलटा पडतो. म्हणून आवृत्त्यांसाठी आवृत्त्यांचीच तुलना करणारे तयार फंक्शन वापरावे.

याच्या नेमके उलट उदाहरण ग्रंथालयात मिळते. ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आणि इराणी भाषांतील साहित्याचा ८९१.५. हे खरोखरच दशांश असल्यामुळे फडताळावर मराठी पुस्तके आधी येतात. नैसर्गिक क्रम लावणारा प्रोग्राम मात्र बिंदूनंतरचे ५ आणि ४६ या स्वतंत्र संख्या समजून इराणी साहित्य आधी ठेवतो. ग्रंथालयाची यादी ‘सुधारण्या’साठी कोणी उत्साहाने नैसर्गिक क्रम लावला, तर यादी आणि फडताळ यांची फारकत होते.

तारखांबाबत एवढेच सांगणे पुरे : दिवस आधी लिहिलेल्या तारखा कोणत्याही मजकूर-क्रमाने नीट लागत नाहीत, आधी वर्ष, मग दोन अंकी महिना, मग दोन अंकी दिवस असे लिहिले की साध्या क्रमानेही त्या नीट लागतात. फायलींच्या नावांतही हीच युक्ती चालते. ‘पान ००१’, ‘पान ००२’ अशी शून्ये भरून नावे दिली असती, तर स्मरणिकेचे काही बिघडले नसते. किती शून्ये भरायची, हे मात्र आरंभीच ठरवावे लागते. तीन अंकी नावे देऊन हजाराव्या पानापर्यंत पोचलेला माणूस पुन्हा मूळपदावर येतो.

अर्धवट रीतीचा धोका

काही प्रोग्रामर तुकडे पाडण्याचा खटाटोप टाळून एक सोपा नियम लिहितात : दोन्ही मजकूर निव्वळ आकडे असतील तर संख्या म्हणून ताडा, एरवी मजकूर म्हणून. दिसायला हे निर्दोष आहे. आता इंग्रजी लिपीत लिहिलेले २, १० आणि १ए हे तीन घर-क्रमांक घ्या. संख्या म्हणून २ हा १० च्या आधी. मजकूर म्हणून १० हा १ए च्या आधी, कारण शून्याचा सांकेतिक क्रमांक ‘ए’पेक्षा लहान आहे. पुन्हा मजकूर म्हणून १ए हा २ च्या आधी. म्हणजे दोन आधी दहा नंतर, दहा आधी एक-ए नंतर, एक-ए आधी दोन नंतर; वर्तुळ पूर्ण झाले आणि पहिला कोण हे कोणालाच सांगता येत नाही.

अशा तुलनेवर क्रम लावणारे प्रोग्राम चुकीचे आणि दर खेपेला वेगळे उत्तर देऊ शकतात. नोंदी कोणत्या क्रमाने आत आल्या, त्यावर यादी बाहेर कशी येईल हे ठरते. २०११ च्या सातव्या आवृत्तीपासून जावातील क्रम लावणारी यंत्रणा ही विसंगती लक्षात आल्यास, तुलनेने आपला करार मोडला अशा अर्थाचा संदेश देऊन थांबते. पण बत्तीसपेक्षा कमी नोंदींच्या यादीत ती हे तपासतच नाही. दहा-वीस घरांवर चाचणी घेतलेला प्रोग्राम एखाद्या पंचायतीच्या सगळ्या घरांची यादी हातात आली की कोसळतो, त्यामागे हे एक कारण असू शकते. तुकडे पाडण्याच्या रीतीत १ए याचे १ आणि ‘ए’ असे भाग होतात, एक हा दोनच्या आधी येतो आणि वर्तुळ तयार होत नाही.

वेगाचाही विचार थोडक्यात करायला हवा. एक लाख नोंदींचा क्रम लावताना साधारण सतरा लाख तुलना होतात. म्हणजे प्रत्येक नोंद तीसहून अधिक वेळा कोणाशी तरी ताडली जाते. प्रत्येक वेळी तिचे नव्याने तुकडे पाडणे हा अपव्यय आहे. प्रत्येक नोंदीचे तुकडे एकदाच पाडून तिच्यासोबत ठेवावेत, त्यांवर क्रम लावावा आणि मग ते टाकून द्यावेत. पर्ल भाषा वापरणाऱ्यांत ही युक्ती रँडल श्वार्ट्झ यांच्या नावाने ओळखली जाते.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत जास्त बोचतो तो जमिनीच्या क्रमांकांत. गोव्यातील एक-चौदाच्या उताऱ्यावर किंवा महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर ११२/१, ११२/१-अ, ११२/२, ११२/१० असे क्रमांक असतात. साधा मजकूर-क्रम ११२/१० ला ११२/२ च्या आधी नेतो. नैसर्गिक क्रम हे सुधारतो, पण पुढे ‘ब’ आणि ‘क’ आले की पुन्हा अडखळतो. अशा नोंदी ठेवताना मुख्य क्रमांक, पोटविभागाचा क्रमांक आणि पुढचे अक्षर हे तीन वेगळ्या रकान्यांत भरावे, पहिल्या दोन रकान्यांत खऱ्या संख्या असाव्यात, अक्षरासाठी अ, ब, क, ड यांचे कोष्टक असावे आणि उताऱ्यावर जसा लिहिला आहे तसा पूर्ण क्रमांक चौथ्या रकान्यात जपावा. या चौथ्या रकान्याचा प्रकार आधीच ‘मजकूर’ असा निश्चित करून ठेवावा. नाहीतर स्प्रेडशीट १२/१ या सर्व्हे क्रमांकाची परस्पर तारीख करून टाकते, आणि संगणकाच्या मांडणीप्रमाणे ती बारा जानेवारी होते किंवा एक डिसेंबर.